सवता सुभा

ऑस्ट्रेलियातील ‘हट रिव्हर’ हे स्वयंघोषित राज्य ३ ऑगस्ट २०२० रोजी विसर्जित झाले, तेव्हा जगाच्या नकाशावरील एकही रेषा हलली नाही. त्या नकाशावर ते कधी नव्हतेच. तथापि या ५० वर्षांच्या संसारास केवळ विनोदाचा विषय समजून सोडून देणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

त्याचा उगम गव्हाच्या कोट्यात होता. १९६९ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने गहूविक्रीवर मर्यादा घातली. लेनर्ड कॅस्ली या शेतकऱ्याचा हजारो एकर गहू तेव्हा कापणीस आला होता, आणि वाट्यास आलेली मर्यादा त्याच्या अल्पांशाइतकी होती. राज्यपालांपर्यंत जाऊनही त्यांना दाद मिळाली नाही. अखेर २१ एप्रिल १९७० रोजी पर्थच्या उत्तरेकडील सुमारे ७५ चौरस किलोमीटर भूमी ऑस्ट्रेलियापासून अलग झाल्याचे त्यांनी घोषित केले व पुढे ते स्वतःस ‘प्रिन्स’ म्हणवू लागले.

मग ध्वज आला, टपालतिकिटे, नाणी व पारपत्रे आली. १९७७ साली तर ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्ध पुकारून ते काही दिवसांतच आटोपतेही घेण्यात आले! प्रवासी हौसेने पारपत्रांवर शिक्के मारून घेत. सरकार बहुधा काणाडोळा करी. या काणाडोळ्यालाच मान्यता समजणे, ही कॅस्ली यांची मोठी चूक होय. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत : स्थायी लोकवस्ती, निश्चित भूमी, शासन आणि अन्य राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पहिल्या तिहींचा देखावा घरच्या घरी उभारता येतो. चौथ्यास दुसरा पक्ष लागतो. येथे दारी आले ते करवसुली खाते.

२०१७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅस्ली व त्यांचे एक पुत्र यांना मिळून सुमारे ३० लाख डॉलर कर भरण्याचा आदेश दिला. आपल्या घरात कोणीही स्वतःस सार्वभौम म्हणवावे. देशाचा कायदा व कर त्यास चुकत नाहीत, असा त्या निकालाचा मथितार्थ. कॅस्ली २०१९ मध्ये निवर्तले. पुढल्याच वर्षी थकलेला कर आणि करोनाची आपत्ती यांच्या ओझ्याखाली गादीवरील पुत्राने राज्य गुंडाळले.

निकाल रास्तच होता. ज्या समाजाचे रस्ते व बाजारपेठ वापरावी, त्याचाच कर नाकारावा, यास सार्वभौमत्व म्हणता येत नाही. परंतु सरकारच्या पदरीही थोडे माप घातले पाहिजे. मर्यादेचा नियम आवश्यक असेलही. पण तो उभ्या पिकावर लादताना गाऱ्हाणे ऐकणारे कोणी असावे लागते. ते असते, तर त्या शेतकऱ्यास सिंहासनाची आठवणही झाली नसती, असे आम्हास वाटते. सवता सुभा मोडून काढणे सत्तेस नेहमीच शक्य असते. तो मांडण्याची पाळी नागरिकावर न आणणे, यातच शासनाची खरी कसोटी आहे.