सुपरवायझर कामगार नाही, तर कोण?

गेल्या महिन्यात ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत बैठक होती. आमचा एक कार्यकर्ता तासभर गप्प बसून होता. लोअर परळच्या एका हॉटेलात तो रेस्टॉरंट सुपरवायझर आहे. निघताना म्हणाला, “दादा, दिवसभर हसून घरी गेलं की बायकोशी बोलायचीही इच्छा होत नाही.” आदल्या रात्री एका गिऱ्हाईकाने त्याला सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली होती. मॅनेजर शेजारीच उभा होता. त्याने गिऱ्हाईकाची माफी मागितली आणि नंतर यालाच झापलं. याने काय केलं? किचनजवळ जाऊन वेटरला झापलं.

श्रेणीबद्ध विषमता बाबासाहेबांनी जातीबद्दल सांगितली, पण वरून लाथ खायची आणि खालच्याला घालायची ही उतरंड ड्युटीच्या तक्त्यातही असते. मधल्या पायरीवरच्याला ती मोडावीशी वाटत नाही, कारण खाली कुणीतरी आहे.

भावना दाबून हसणं हेही श्रमच आहेत, हे आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या अभ्यासातून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणाशी जोडलं. म्हणजे पोरगं कमकुवत नाही. त्याला योगशिबिराला पाठवून काय होणार?

“मग युनियन करा ना!” असं आपण सहज म्हणतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ठरावीक पगारापुढचा सुपरवायझर ‘कामगार’ धरलाच जात नव्हता. ती मर्यादा 2010 मध्ये 10 हजार झाली, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 18 हजार. मुंबईत 18 हजारांत घर चालवून दाखवा! मात्र न्यायालयं पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात. तेव्हा आपल्या पोरांनी रोज काय काम केलं, किती तास केलं, हे वहीत लिहून ठेवावं.

दोष द्यायची वेळ आली की मात्र हीच माणसं आधी सापडतात. 29 डिसेंबर 2017 च्या कमला मिल आगीत 14 जण गेले. रेस्टॉरंटचे मालक हाती लागण्याआधी दोन मॅनेजरांना अटक झाली होती. त्यांचा दोष किती, हे न्यायालय ठरवेल. पण गच्चीवरचं छप्पर कशाचं असावं, हे पगारी माणूस ठरवतो का?

आमची मागणी साधी आहे. शिवी देणाऱ्या गिऱ्हाईकाला सेवा नाकारायचा अधिकार सुपरवायझरला हवा, आणि तेव्हा मॅनेजर त्याच्या बाजूने उभा राहिला पाहिजे.

आणि आम्ही? त्याच बैठकीत, त्याचा चेहरा न बघता, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याच गळ्यात मारला होता. तो आता दुसऱ्याकडे दिलाय. त्या वेटरशी बोल, असंही त्याला सांगितलंय. अजून बोललेला नाही.