सतरंजीवर थिनर सांडले, तर आधी काय?

दिवाळी जवळ आली की घरोघर दारे-खिडक्यांना ऑइलपेंट लागतो. उरलेले थिनर किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवले जाते आणि कधी ना कधी ते सांडते.

मागच्या दिवाळीत एक आजीबाई आठ महिन्यांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. पाठीवर आणि मांड्यांवर लाल चट्टे, दोन ठिकाणी फोड. "डॉक्टरसाहेब, कांजण्या तर नाहीत ना लेकराला?" लेकराच्या अंगाला थिनरचा वास येत होता. विचारल्यावर कळले, की रात्री सतरंजीवर थिनर सांडले, फडक्याने वरवर पुसले, वास जाईना म्हणून उदबत्ती लावली आणि तिथेच वाकळ टाकून लेकराला निजविले. फोड मलमाने बरे होतात. मला घाम फुटला तो उदबत्तीचे नाव ऐकून.

वाचकहो, थिनर आणि पेट्रोल यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, उंबऱ्यापाशी साचते आणि नेमकी रांगत्या लेकराच्या नाकाच्या उंचीवर राहते. अशा वेळी उदबत्ती, समई, शेगडी यातले काहीही पेटवू नये. विजेचे बटण चालू करू नये व बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. "रॉकेल काही पेट्रोल नव्हे" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, तेव्हा रॉकेलची वाफही पेट घेण्याजोगी होते. त्यातून कापडात मुरलेले रॉकेल म्हणजे भिजलेली वातच.

म्हणून आधी लेकरे आणि म्हातारी माणसे बाहेर काढावीत, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. सांडलेल्यावर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकावा. गोदाकाठी काळ्या मातीला तोटा नाही. सतरंजीला डाग पडेल ही कुरकुर नंतर करता येईल. राख वापरायची तर ती पुरती विझली आहे का ते आधी पाहा! घासू नये, त्याने द्रव खोल जातो. दाबून टिपून घ्यावे, भरून उचलावे आणि सतरंजी अंगणात, चुलीपासून लांब वाऱ्यावर टाकावी. वास पूर्ण गेल्यावरच साबणाने धुवावी. गरम पाणी ओतू नये, वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच घालू नये. कापसाच्या गादीत मुरले असेल, तर त्या कापसाचा मोह सोडलेला बरा. अंगावरचे भिजलेले कपडे लगेच काढून कातडी साबण-पाण्याने धुवावी.

उरलेले थिनर नालीत ओतण्याची खोड मात्र भयंकर आहे. 22 एप्रिल 1992 रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात गटारांत पेट्रोल झिरपून स्फोट झाले. रस्तेच्या रस्ते उखडले, दोनशेहून अधिक माणसे गेली. आपल्या नाल्या लहान आहेत, पण वाफेचा गुणधर्म तोच.

याहून मोठी भीती पिण्याची. 2016 साली उज्ज्वला योजना आल्यापासून घरोघर गॅस पोहोचला, रॉकेल मागे पडले. बाटलीची सवय तेवढी राहिली. लेकराने घोट घेतला की घरचे लोक मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात. असे कदापि करू नये. हे द्रव पातळ असल्याने उलटीच्या वेळी फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो; पोटापेक्षा धोका छातीला जास्त. काही न पाजता 108 ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे. लेकरू खेळत असले, तरी निदान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्यावे. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते.

माझी खरी तक्रार सुटे थिनर पाण्याच्या बाटलीत भरून देणाऱ्या दुकानदारांविरुद्ध आहे. दहा-वीस रुपयांच्या मालाला वेगळा डबा परवडत नाही, असे ते म्हणतात. मग गिऱ्हाइकाला घरून डबा आणायला सांगा, आणि डबा नसेल तर माल देऊ नका. एखादे गिऱ्हाईक रागावेल, रागावू द्या. आणि गिऱ्हाइकांनीही पाण्याच्या बाटलीतला माल हाती घेऊ नये.

आजीबाईंना मी विचारले, "उरलेली बाटली कुठे आहे?"

"देवघराखाली," त्या म्हणाल्या. वर समई तेवत होती. मलम लिहून देण्याआधी मी त्यांना घरी फोन करायला लावला.