विश्लेषण : दाखल्याची खातरजमा अर्ध्या केबीत होते, मग दहिसरच्या विद्यार्थ्याला चार झेरॉक्स कशाला?

जून उजाडला की दहिसर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत रांगा लागतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि प्रत्येकाच्या तीन-चार प्रती. एवढे करून प्रवेशाच्या खिडकीवर पोहोचले की प्रश्न ठरलेला : ‘ओरिजिनल आणलंय का?’ मूळ कागद दाखवला तरी तो खरा आहे की नाही, हे खिडकीमागच्या कर्मचाऱ्याला खात्रीने सांगता येत नाही. तो शिक्का बघतो, सही बघतो आणि पुढे सरकतो.

दहिसरपासून हजारएक किलोमीटरवर, गडचिरोलीच्या एटापल्लीत या प्रश्नाला २०२२ मध्ये एक उत्तर शोधले गेले. ब्लॉकचेनवर नोंदवलेला, मोबाइलने तपासता येणारा जातीचा दाखला. हे तंत्र कसे चालते, त्याची मर्यादा कुठे येते आणि मुंबईच्या उपनगरात त्याचा खरा उपयोग कुठे आहे, ते पाहू.

एटापल्लीत नेमके काय झाले?

मार्च २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागातील सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ या सार्वजनिक ब्लॉकचेनच्या आधारे देण्याचा उपक्रम जाहीर झाला. ‘लेजिटडॉक’ या भारतीय कंपनीचे तंत्र त्यासाठी वापरले गेले. त्याआधी २०२१ मध्ये महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांसाठी याच कंपनीबरोबर ‘इथेरियम’ या ब्लॉकचेनचा मार्ग धरला होता.

दाखला पूर्वीसारखाच छापील. फरक त्यावरच्या क्यूआर कोडचा. कोड स्कॅन केला की दाखल्यावरचा मजकूर आणि ब्लॉकचेनवरची नोंद जुळते का, हे कळते. नावातले एक अक्षर बदलले, तरी जुळणी फसते.

पण ब्लॉकचेन म्हणजे भलेमोठे प्रकरण ना?

पूर्ण ब्लॉकचेन बाळगायची म्हटली तर होय. बिटकॉइनची आजवरची सगळी नोंदवही पाचशे जीबीच्या पुढे गेली आहे. साध्या मोबाइलमध्ये ती मावणार नाही. पण खातरजमेसाठी पूर्ण वही लागतच नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेली युक्ती इथे कामी येते. तिला ‘मर्कल ट्री’ म्हणतात.

कबड्डीच्या बाद फेरीची स्पर्धा डोळ्यासमोर आणा. संघांच्या जागी दाखले आहेत. प्रत्येक दाखल्याच्या मजकुरापासून गणिताने एक ठसा काढला जातो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. दाखला एका पानाचा असो वा शंभर पानांचा, ठसा ३२ बाइटचाच. आता दोन-दोन ठशांच्या जोड्या लावायच्या. इथे कुणी हरत नाही. जोडीतल्या दोन्ही ठशांपासून मिळून एक नवा ठसा तयार होतो आणि तो पुढच्या फेरीत जातो. शेवटी एकच ठसा उरतो. ब्लॉकचेनवर फक्त तो एक ठसा नोंदवायचा.

६५,५३६ संघ असतील तर अंतिम निकालापर्यंत बरोबर १६ फेऱ्या होतात. म्हणजे ६५ हजार दाखल्यांच्या गठ्ठ्यातला एक दाखला तपासायला बाकीच्या दाखल्यांची गरज नाही. प्रत्येक फेरीत समोर आलेला ठसा तेवढा हवा. १६ फेऱ्या, प्रत्येकी ३२ बाइट, एकूण ५१२ बाइट. अर्धा केबी! व्हॉट्सॲपवर येणारा ‘गुड मॉर्निंग’चा फोटो याच्या शेकडो पट जड असतो. हा अर्ध्या केबीचा पुरावा क्यूआर कोडमध्येही बसतो. हलकी आणि खिशात मावणारी खातरजमा म्हणतात ती हीच.

हीच कल्पना आणखी ताणण्याचे प्रयत्नही झाले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मिना’ या ब्लॉकचेनचा दावाच असा, की साखळी कितीही वाढली तरी तिचा पुरावा साधारण २२ केबीचाच राहतो.

नेटवर्क नसेल तर?

एटापल्लीत हा प्रश्न नेहमीचा. शेवटचा ३२ बाइटचा ठसा मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवला, तर पुढची तपासणी इंटरनेटशिवायही होऊ शकते. अडचण फक्त एका ठिकाणी येते. दाखला नंतर रद्द झाला असेल, तर जुन्या पुराव्यावरून ते कळणार नाही. त्यासाठी रद्द दाखल्यांची ताजी यादी अधूनमधून उतरवून घ्यावी लागते.

मग डिजिलॉकर आणि साध्या क्यूआर कोडमध्ये काय कमी आहे?

खरे सांगायचे तर फारसे काही नाही. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात सरकारी खात्यांकडून थेट आलेली कागदपत्रे कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची आहेत. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळतो. करोनाकाळात लस घेतल्याचे जे प्रमाणपत्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होते, त्यावरच्या क्यूआर कोडमध्येही डिजिटल स्वाक्षरी होती. आधारवरच्या क्यूआर कोडचेही तेच, आणि तो इंटरनेटशिवाय तपासता येतो. यातल्या कशालाही ब्लॉकचेन लागलेली नाही.

डिजिटल स्वाक्षरी एका गोष्टीची हमी देते : हा कागद अमुक कार्यालयाने दिला आणि त्यानंतर त्यात बदल झालेला नाही. प्रवेशाच्या खिडकीवर एवढेच हवे असते. त्यामुळे प्रत्येक दाखल्याला ब्लॉकचेनचा मुलामा देण्याची घाई कशासाठी, हा प्रश्न सरकारला विचारलाच पाहिजे. ‘ब्लॉकचेन’ हा शब्द निविदेत आला की काम आधुनिक होते, असे नाही.

मग ब्लॉकचेन हवी कुठे?

जिथे दाखला देणाऱ्यावरच संशय घेता येतो, तिथे. स्वाक्षरीची किल्ली ज्याच्या हातात, तो उद्या मागची तारीख टाकून नवा कागद तयार करू शकतो. स्वाक्षरी खरीच असेल आणि कागद मात्र खोटा असेल. डिजिटल स्वाक्षरीला हे एकटीने पकडता येत नाही. त्या तारखेचा ठसा आधीच चारचौघांत जाहीर झालेला असेल, तर ही चलाखी उघडी पडते.

दहिसर-बोरिवली पट्ट्यात याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील ‘परिशिष्ट-२’. कोण पात्र, कोण अपात्र, हे ठरवणारी ही यादी. १ जानेवारी २०००पूर्वीचा झोपडीधारक मोफत घराला पात्र, त्यानंतर २०११ पर्यंतचा सशुल्क घराला. एका नोंदीवर कुटुंबाचे घर ठरते. त्यामुळे वस्तीत कायमची धाकधूक असते : आपले नाव यादीतून गळले तर? कालपर्यंत नसलेले नाव उद्या वर सरकले तर? पुनर्विकासाला निघालेल्या जुन्या सोसायट्यांतही सभासद यादी, चटईक्षेत्र आणि संमतीपत्रे यांवरून असेच वाद होतात.

यादी जाहीर झाली त्याच दिवशी तिचा ३२ बाइटचा ठसा सार्वजनिक केला, तर नंतर घुसवलेले किंवा वगळलेले एक नावही लपणार नाही. प्रत्येक कुटुंबाला आपल्या नोंदीचा अर्ध्या केबीचा पुरावा मोबाइलवर द्यायचा. पाच वर्षांनी अधिकारी बदलले, विकासक बदलला, फाइल गहाळ झाली, तरी ‘त्या दिवशी माझे नाव यादीत होते’ हे त्या कुटुंबाला सिद्ध करता येईल.

गंमत म्हणजे यासाठी महागड्या ब्लॉकचेनचीही सक्ती नाही. अमेरिकेतील एका कंपनीने १९९५ पासून आपल्याकडच्या नोंदींचा एकत्रित ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापलेला पेपर हजारो घरांत पोहोचला की मागचे बदलणार कोण? बिटकॉइनच्या कितीतरी आधीची ही ब्लॉकचेनच म्हणायची. सरकारी यादीचा ठसा राजपत्रात आणि दोन-तीन दैनिकांत छापला, तरी बरेच काम भागेल.

साखळीत मुळातच खोटे शिरले तर?

ते कायमचे, पक्के, गणिताने सिद्ध केलेले खोटे होईल. ब्लॉकचेन एवढेच सांगते की नोंद झाल्यानंतर मजकूर बदललेला नाही. नोंद करताना तो खरा होता का, हे तिला माहीत नसते.

जात वैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ केलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. तिथे प्रश्न दाखल्याच्या कागदाचा कमी आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा जास्त असतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी लिपीतली जुनी दप्तरे उघडावी लागली. ते काम वाचता येणाऱ्या माणसांचेच. ठसा नंतर उमटतो.

दुसरा धोका स्कॅनिंगचा. क्यूआर कोड कुणालाही छापता येतो. तो स्कॅन केल्यावर हुबेहूब सरकारी दिसणारे बनावट संकेतस्थळ उघडले आणि त्यावर हिरवी खूण आली, तर कर्मचारी फसणारच. अशी संकेतस्थळे बनवून खोटे जन्मदाखले देणाऱ्या टोळ्या देशात पकडल्या गेल्या आहेत. म्हणून तपासणी कोडमधल्या लिंकवरून नव्हे, तर ठरलेल्या सरकारी ॲपमधूनच व्हायला हवी.

गोपनीयतेचे काय?

ब्लॉकचेनवर लिहिलेले पुसता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र नागरिकाला आपली माहिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क दिला आहे. म्हणून नाव, जात, पत्ता साखळीवर टाकायचाच नाही, फक्त ठसा टाकायचा. तोही नुसता नको. नाव आणि जात यांच्या शक्य त्या जोड्या करून संगणकाला ठसा ओळखता येऊ शकतो. त्यामुळे ठसा काढण्याआधी मजकुरात यादृच्छिक अक्षरे मिसळतात. तंत्रज्ञ त्याला ‘सॉल्ट’ म्हणतात. आमटीत मीठ विसरले तर एक जेवण बिघडते. इथे विसरले तर ६५ हजार लोकांची जात उघड्यावर पडेल.

केंद्राची तयारी किती?

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ ही ब्लॉकचेन व्यवस्था सुरू केली. तिची यंत्रणा भुवनेश्वर, हैदराबाद आणि आपल्या पुण्यातील ‘एनआयसी’च्या केंद्रांत आहे. नवउद्योग आणि शिक्षणसंस्थांना प्रयोगासाठी ‘एनबीएफ लाइट’ ही हलकी आवृत्तीही त्यात आहे. म्हणजे राज्याच्या खात्यांना प्रत्येक वेळी नव्या खासगी कंपनीच्या दारात जाण्याची गरज नाही. कंपनी बंद पडली आणि तिचे संकेतस्थळ गेले, तर दाखल्याचे काय, हा प्रश्नही त्यामुळे काहीसा सुटतो.

आता काय व्हायला हवे?

आजवरची सगळी धडपड दाखला देण्याच्या बाजूला झाली. तो घेणारी खिडकी तशीच राहिली. मोबाइलवरचा दाखला दाखवला तर ‘प्रिंट आणा’, प्रिंट आणली तर ‘ओरिजिनल आणा’. क्यूआर कोड छापलेला असतो, पण तो स्कॅन करा असा आदेश नसतो, आणि स्कॅन करून स्वीकारलेल्या कागदाची जबाबदारी कुणाची, हेही कर्मचाऱ्याला कुणी सांगितलेले नसते. मग तो झेरॉक्स मागून स्वतःला वाचवतो. त्याचेही फार चुकत नाही.

उपाय साधे आहेत. एक, ज्या दाखल्यावर डिजिटल स्वाक्षरी आहे, त्याची झेरॉक्स मागण्यास महाविद्यालये आणि सरकारी कार्यालयांना लेखी मनाई करावी. दोन, खिडकीवर तपासणीचे एकच ॲप द्यावे. ते इंटरनेटशिवाय चालले पाहिजे, आणि त्याचा निकाल ग्राह्य धरणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण असले पाहिजे. तीन, ब्लॉकचेन रोजच्या दाखल्यांवर न उधळता पात्रता याद्या, सभासद याद्या, जमिनीचे फेरफार अशा ठिकाणी वापरावी, जिथे मागच्या तारखेचा खेळ होऊ शकतो. चार, कागदच हवा असणाऱ्यांसाठी कागद चालू ठेवावा. स्मार्टफोन नसलेल्या आजीचे नाव यादीतून केवळ त्या कारणाने जाता कामा नये.

अर्ध्या केबीत खातरजमा करण्याचे गणित १९७९ पासून तयार आहे. पुण्यात यंत्रणा उभी आहे आणि एटापल्लीत प्रयोग होऊन गेला आहे. आता खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या हाती ॲप आणि लेखी आदेश यायला हवा. तो आला, की दहिसर स्टेशनबाहेरची जूनमधली रांग कमी होईल. झेरॉक्सवाल्याचा धंदा थोडा बसेल, पण मुलांची धावपळ वाचेल.