नारंगी म्हणावं की भगवा?

अमरावतीच्या आमच्या घरातली मागची खोली रंगवायची होती. दहावीत गेलेली मुलगी म्हणाली, "अब्बू, मला नारंगी हवा." माझं मन फिकट हिरव्यावर होतं. पेंटरने दोन्ही रंगांचे पट्टे भिंतीवर मारले आणि सहज विचारलं, "सर, भगवा पक्का करू का?"

एका शब्दाने रंगच पालटला. वरूड-मोर्शीच्या बागेतला संत्रा क्षणात मिरवणुकीतला झेंडा झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीने आणि मे २०२३ मध्ये अकोल्याने जे पाहिलं, ते आठवलं. मोहल्ल्यात काय बोलतील, हेही मनात आलं. मी मुलीला म्हणालो, "बेटा, त्या रंगाने खोली तापते."

हे निमित्त होतं. घर तापतं ते गच्ची आणि बाहेरच्या भिंती तापल्यामुळे. गच्चीला पांढरा चुना मारला तर फरक पडतो. आतला रंग फक्त डोळ्यांना उष्ण किंवा थंड वाटतो.

लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू राहू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या मी तो निकाल वर्गात अभिमानाने समजावला होता. घरी मात्र मीच रंगाला धर्म चिकटवला!

हिरवा आपला म्हणावा, तर मराठी हिंदू नवरीच्या हातातला चुडा हिरवाच असतो. केशरी त्यांचा म्हणावा, तर आपल्या दावतीतल्या जर्द्याचा रंग कोणता?

मग दोन दिवस ते पट्टे तसेच ठेवले; सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहिले. खिडकी पश्चिमेला आहे. मावळतीचं ऊन समोरच्या भिंतीवर पडतं. तिथे नारंगी डोळ्यांत खुपत होता, हिरवा निवांत वाटत होता. खिडकीच्या भिंतीवर आतून ऊन येत नाही. तिथे नारंगी शोभून दिसला. शेवटी तीन भिंती हिरव्या, एक नारंगी असं ठरलं. मुलगी खूश झाली.

रंग आवडला नाही तर जरूर नाकारा. पण उजेड पाहून नाकारा, लोकांच्या तोंडाकडे पाहून नव्हे.

पेंटरने हिशेबाच्या चिठ्ठीवर 'भगवा, एक भिंत' असं लिहिलं. मी ते खोडलं नाही.