हिमाचे गणित आणि आज्ञावलीची मालकी

अनसिंगमध्ये बर्फ पडत नाही. गारा पडतात, आणि त्या पडल्या की हरभऱ्याचे नि गव्हाचे काय होते हे येथील शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु डोंगरावर थरावर थर साचणारे, महिनोन्‌महिने टिकणारे आणि उन्हाळ्यात वितळणारे हिम हा येथल्या माणसाच्या अनुभवाचा विषय नव्हे. तेव्हा वाशीम जिल्ह्यातील या गावात बसून हिमाची प्रतिमाने चालविणाऱ्या संगणकीय आज्ञावल्यांविषयी लिहिणे हा काहींना निवृत्त प्राध्यापकाचा छंद वाटेल. त्यांनी प्रथम १८८४ सालाकडे पाहावे.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचा अंदाज आगाऊ बांधता येईल काय, हा प्रश्न ब्रिटिश सरकारपुढे उभा राहिला. सरकारचे हवामान-अधिकारी हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असा सिद्धांत मांडला की, हिमालयात हिवाळ्यात व वसंतात हिम अधिक साचले, तर मान्सून दुबळा पडण्याकडे कल असतो. १८८६ पासून त्या आधारावर अधिकृत अंदाज निघू लागले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी त्यात जगभरच्या इतर घटकांची भर घातली. हा संबंध ब्लॅनफर्ड यांना वाटला तितका सरळ नाही, हेही दिसून आले. तरी हिमाचे पांढरे आवरण सूर्याची उष्णता परावर्तित करते, ते वितळविण्यात उष्णता खर्च होते, वितळलेल्या पाण्याने ओली झालेली जमीन सावकाश तापते, आणि मान्सूनला खेचून आणणारा जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरक त्यामुळे बदलतो, ही मूळ कार्यकारणमीमांसा टिकून आहे. पावसाच्या पाण्यावर सोयाबीन आणि तूर पेरणाऱ्या माणसाचा हिमाशी संबंध आहे तो असा.

आता पुण्याकडे वळू. तेथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली सुरू झालेल्या मान्सून मिशनखाली अमेरिकी सरकारच्या हवामान-केंद्राचे एक प्रतिमान स्वीकारले. ते तयार करताना भारतीय मान्सून हा काही त्याच्या कर्त्यांचा मुख्य विषय नव्हता. त्यात जमिनीवरील हिमाचा हिशेब एकाच थराचा होता. म्हणजे हात-दोन हात जाडीचा हिमाचा ढीग ते प्रतिमान एकसंध लादी समजे. प्रत्यक्षात वरचा थर उन्हाने सैल होतो, तळचा जमिनीच्या उबेने बदलतो, मधला दाबला जातो. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तो भाग काढून अनेक थरांचा हिशेब बसविला, प्रथम जमिनीच्या प्रतिमानात सुटा तपासला, मग संपूर्ण प्रतिमानाला जोडला, आणि २०१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, हे करता आले कारण आज्ञावलीचा मूळ मजकूर त्यांच्या हाती होता. सीलबंद डबा विकत घेतला असता, तर डब्यातील हिमाचा थर एकच राहिला असता.

परंतु मूळ मजकूर हाती असणे आणि ती आज्ञावली चालविता येणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. आपल्या चळवळीत मुक्तस्रोत आज्ञावलीविषयी जे उत्साहाने बोलतात ते बहुधा पहिलीपाशीच थांबतात. एक उदाहरण जवळून पाहिले आहे. स्वित्झर्लंडमधील दावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्था ‘स्नोपॅक’ नावाची आज्ञावली सर्वांना मोफत आणि मूळ मजकुरासह देते. हवेचे तापमान, आर्द्रता, वारा, सूर्याचे प्रारण, पडलेला हिमवर्षाव इतक्या नोंदी दिल्या की, हिमाचा थर कसा दबतो, त्याचे कण कसे बदलतात, पाणी कसे झिरपते, याचा थराथराने हिशेब ती मांडते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या, तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ती आपल्या जुन्या संगणकावर बसविण्याचे मनावर घेतले. मी बाजूला बसून पाहत होतो.

सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेला मजकूर माणसाला वाचता येतो, यंत्राला चालविता येत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर लागतो. कोणते तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे हे ठरविणारे ‘सीमेक’ नावाचे दुसरे साधन लागते. त्याआधी हवामानाच्या नोंदी वाचून, गाळून देणारी ‘मेटिओआयओ’ ही लायब्ररी स्वतंत्रपणे बांधावी लागते. (लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकांचे दालन नव्हे, अनेक आज्ञावल्यांनी सामाईक वापरायच्या तयार भागांचा तो संच होय. शब्द मात्र सार्थ आहे.) ती बांधून झाली, आणि पुढल्याच पायरीवर स्नोपॅकने ती सापडत नसल्याचा निरोप दिला, नुकतीच बांधलेली वस्तू कोठे ठेवली आहे हे यंत्राला वेगळे सांगावे लागते. मग दोहोंच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळेनात. मध्येच वीज गेली. प्रत्येक निरोप इंग्रजीत, आणि तोही इंग्रजी शिकलेल्या माणसाला कळेलच अशा इंग्रजीत नव्हे. चौथ्या संध्याकाळी आज्ञावली उभी राहिली आणि सोबत दिलेल्या नमुना-नोंदींवर तिने हिमाच्या थरांचे चित्र काढून दाखविले. मुलगा हुशार होता, चिकाटीचा होता, आणि त्याला चार संध्याकाळी रिकाम्या होत्या. ज्या मुलीला कॉलेजातून आल्यावर भाकऱ्या थापायच्या आहेत, तिचे काय?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुनी ओळखीची गोष्ट दिसते. आज्ञावलीची एक अधिक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून तिच्यावर कुंपण घालून किंमत वसूल करणे हे सामाजिक दृष्ट्या असमर्थनीय आहे, हे खरे. पण कुंपण काढल्याने जमीन आपोआप पिकत नाही. भूदानात मिळालेल्या सातबाऱ्यावर ज्यांची नावे लागली, त्यांपैकी ज्यांच्याकडे बैल, बियाणे आणि विहीर नव्हती, त्यांच्या हाती कागदच राहिला. परवान्याने दिलेला हक्क आणि तो बजावण्याची शक्ती यांत जे श्रम व जे शिक्षण लागते, त्याचा खर्च कोणी उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. तो व्यक्तीवर टाकला, तर मोकळ्या आज्ञावलीचा लाभ ज्यांच्याकडे पगारी अभियंते आहेत अशा कंपन्याच प्रथम उचलतात, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. परवान्यानेच त्यांना ती मुभा दिलेली आहे.

येथे हेही नोंदविले पाहिजे की, ही मोकळी आज्ञावली बाजाराच्या औदार्यातून जन्मलेली नाही. दावोसची संस्था स्विस करदात्यांच्या पैशावर चालते, अमेरिकेचे प्रतिमान तेथील सरकारी खात्याचे आहे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान सार्वजनिक राहिले, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या राज्याने मात्र संगणकशिक्षणाचा दुसरा मार्ग धरला. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लक्षावधी मुलेमुली बाहेर पडली. विंडोज आणि ऑफिस वापरण्यावर त्या शिक्षणाचा भर राहिला. त्याचा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही, नोकरीच्या अर्जांना झाला. पण आज्ञावली ही उघडून पाहण्याची, बांधण्याची, दुरुस्त करण्याची वस्तू आहे, ही जाणीव त्यातून रुजली नाही. केरळने २००० नंतरच्या दशकात शालेय संगणकशिक्षण मुक्तस्रोत प्रणालीवर आणले. तेथे हे होऊ शकले, कारण शिक्षक-संघटना आणि सरकार दोघांनीही तो राजकीय प्रश्न मानला.

दुसऱ्याच्या मर्जीवर यंत्र चालविण्याची किंमत आपण याआधी मोजलेली आहे. हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडे महासंगणक मागितला असता मागितला तो मिळाला नाही, कमी शक्तीचा मिळाला. त्या काळात, १९८८ साली, पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. हा इतिहास झाला म्हणावे, तर जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे कारण दाखवून मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतात चालणाऱ्या तेलकंपनीच्या सेवा एकाएकी थांबविल्या. कंपनी न्यायालयात गेल्यावर त्या पूर्ववत झाल्या. नायराकडे वकील होते. जिल्हा परिषदेच्या शाळेकडे नसतात.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका सार्वजनिक कॉलेजात अशी एक कार्यशाळा असावी, जेथे कोणत्याही विद्यार्थ्याला वैज्ञानिक आज्ञावली मूळ मजकुरापासून बांधायला शिकता येईल, पगारी शिक्षक असेल आणि सूचना मराठीत असतील. लेथ मशीनवर काम शिकविण्यासाठी सरकारने आयटीआय काढल्या. हे त्याहून फार वेगळे काम नाही. खर्च म्हणाल, तर आज्ञावलीवर एक पैसाही नाही. सारा खर्च माणसांवर आहे, आणि तेथेच सरकारचा हात आखडतो.

याला एक तातडीची बाजूही आहे. केंद्र सरकारने २०२३ पासून पीकविम्यात काही पिकांच्या उत्पादनाचा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून आणि प्रतिमानांवरून बांधण्याची ‘यस-टेक’ पद्धत आणली. महाराष्ट्रातील एक रुपयाचा पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. शेतकरी आता आपल्या वाट्याचा हप्ता भरतो, आणि त्याची भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. ते उत्पादन ज्या अंशी प्रतिमानाने काढले जाईल, त्या अंशी ते प्रतिमान हा सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा दस्तऐवज होतो. यस-टेकची पुस्तिका प्रसिद्ध झालेली आहे. पण पुस्तिका म्हणजे आज्ञावली नव्हे. आल्प्समधील हिमाचा हिशेब करणारी आज्ञावली अनसिंगचा मुलगा ओळीओळीने वाचू शकतो आणि आपल्या घरी बांधून पडताळू शकतो. त्याच्या बापाच्या सोयाबीनचा हिशेब करणारी आज्ञावली त्याला तशीच मिळाली पाहिजे. मूळ मजकूर, वापरलेल्या नोंदी आणि बांधण्याच्या सूचना यांसह. पीकविम्याच्या जिल्हास्तरीय समितीपुढे निवेदन देताना आपले कार्यकर्ते आजवर भरपाईची रक्कम मागत आले. यंदाच्या निवेदनात हे कलमही घालावे.