करार आणि करदाता

शाहू छत्रपतींनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाच्या व्यापाऱ्यांना तेथे दुकाने थाटण्यास उत्तेजन दिले, आणि पुढे करवीर नगरीचा गूळ देशोदेशीच्या बाजारांत नावारूपाला आला. तेव्हा नगराच्या कारभाराने व्यापाराला चार हात दूर ठेवावे, असे या शहरात बसून आम्ही म्हणणार नाही. आमची तक्रार निराळी आहे.

सुमारे एकोणपन्नास किलोमीटर रस्त्यांचा करार महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात 2008 मध्ये झाला. 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या तत्त्वावरचा तो करार तीस वर्षे पथकर वसूल करण्याची मुभा देणारा होता, आणि त्यापोटी टेंबलाईवाडीची मोक्याची जागाही प्रदीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंपनीस मिळाली होती. ज्यांच्या खिशातून हा पैसा जायचा, त्यांना मात्र त्याची खरी ओळख शिरोली, कळंबा, फुलेवाडी येथे नाके उभे राहिल्यावरच झाली. गुळाचे रवे भरून बाजार समितीकडे निघालेल्या टेंपोवाल्याला आपल्याच गावाच्या वेशीवर पावती फाडावी लागावी, ही गोष्ट कोल्हापूरच्या मनाला लागली. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे वयोवृद्ध नेते रस्त्यावर उतरले. जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले (ते पेटायला नको होते, हेही येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे). आणि 2015 च्या अखेरीस शासनाने टोल रद्द केला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या पानसऱ्यांना तो दिवस पाहता आला नाही.

कंपनीची भरपाई अखेर सरकारी खजिन्यातून, म्हणजे रयतेच्याच पैशातून झाली. बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात 2000 मध्ये पाणीपुरवठ्याचा खाजगी करार जनक्षोभापुढे असाच मोडला. करार गुपचूप व्हावा आणि त्याचा हिशेब रस्त्यावर व्हावा, हा क्रम व्यापाऱ्यालाही हितावह नाही, कारण उद्या कोणता सचोटीचा उद्योजक अशा शहरात भांडवल घालील?

नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रश्न विचारणारे बाकच रिकामे होते. म्हणून वाचकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की महापालिकेच्या प्रत्येक मोठ्या कराराचा मसुदा मराठीत, सही होण्याआधी, आपल्या प्रभागात वाचून दाखवला जावा, अशी लेखी मागणी या दिवाळीनंतर प्रत्येक तालमीने आणि तरुण मंडळाने करावी.