कोरम

१५ जानेवारी २०२६. पुणे महापालिकेची निवडणूक, म्हणजे ऑफिसला सुट्टी. मी आरामात उठलो, चहा केला आणि गॅलरीत उभा राहिलो. खाली गेटमधून टँकर आत येत होता, त्याच्या बाजूने लोक मतदान करून परत येत होते. बोटावरची शाई दाखवत फोटो वगैरे. माझं बोट कोरं. कारण माझं नाव इथल्या यादीत नाहीच. ते आहे येलदरीला, रात्रभराच्या ट्रॅव्हल्सच्या अंतरावर.

येलदरी म्हणजे तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. पूर्णा नदीवरचं धरण, पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र. बाकी सांगण्यासारखं फार नाही, पण आम्हाला तेवढं पुरतं :) तर असा धरणाच्या गावचा मुलगा आता पुण्याच्या पूर्वेकडच्या एका वाढत्या उपनगरात टू बीएचके घेऊन राहतो. वीस वर्षांचा हप्ता आणि टँकरचं पाणी.

त्याच दिवशी संध्याकाळी आण्णांचा फोन.

"कामून रे, तुमच्या बिल्डिंगला पाणी येतं कुठून?"

"टँकरनं."

"ते कळलं. टँकरात कुठून येतं?"

"माहीत नाही."

"मग इचारलं न्हाई का कोनाला?"

विचारायला एक जागा होती खरं तर. गेल्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. विषयपत्रिकेवर चौथा विषय टँकरचं कंत्राट. फ्लॅट १८०. आदर्श उपविधीप्रमाणे कोरम किती, तर एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे १८० घरांतून फक्त वीस माणसं हवी होती. आली चौदा. मग नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब, आणि नंतर तीच सभा कोरमशिवाय पुन्हा सुरू. तोवर तिघं घरी गेले होते. उरलेल्या अकरा जणांनी १८० घरांचं वर्षभराचं पाणी ठरवलं.

मी कुठे होतो? सहाव्या मजल्यावर, लॅपटॉपसमोर. काम होतं म्हणायला, पण त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'दर का वाढला? कोणी ठरवलं?' असा मेसेज टाकणाऱ्यांत मीही होतो. अंगठे भरपूर मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, सोसायटीची मीटिंग म्हणजे पार्किंग, कुत्री आणि गणपतीची वर्गणी. त्यात रविवार कोण घालवणार? मलाही अगदी असंच वाटायचं. पण मधल्या काळात आमच्यासारख्या भागांत जे झालं ते नीट लावून पाहिलं, तेव्हा मत बदललं.

३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत २३ गावं एकदम सामील झाली. त्याआधी २०१७ मध्ये ११ आली होती. नकाशावर पुणे मोठं झालं, छान. पण या २३ गावांचं त्या दिवशी नेमकं काय झालं? ग्रामपंचायती गेल्या. सरपंच गेला, ग्रामसभा गेली. मग नगरसेवक? मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली, आरक्षणाचा आणि प्रभागांचा वाद कोर्टात गेला, आणि निवडणूक व्हायला थेट जानेवारी २०२६ उजाडला. साडेचार वर्षं! आमदार-खासदार होते, मान्य. पण गल्लीतल्या नळासाठी ज्याचं दार वाजवायचं असा निवडून दिलेला माणूस नव्हता.

म्हणजे या साडेचार वर्षांत ह्या गावांतल्या माणसाने स्वतः निवडलेली सगळ्यात जवळची संस्था कोणती? त्याच्या सोसायटीची मॅनेजिंग कमिटी. लोकशाहीचा जो काही तुकडा हातात उरला होता तो हाच. आणि त्याचा कोरम पूर्ण होत नव्हता.

गावाकडची ग्रामसभा फार आदर्श असते असं मी म्हणणार नाही. तिथेही कोरम आहे, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, आणि तिथेही तो भरण्याची बोंब असते. पण ग्रामसभेत 'नळाला पाणी का नाही' हा प्रश्न परका वाटत नाही. आमच्याकडे मात्र गेटच्या आतलं आपलं आणि बाहेरचं सरकारचं, अशी मनात फाळणीच आहे. पाणी, रस्ता, कचरा, ड्रेनेज सगळं येतं-जातं गेटबाहेरून. आणि आम्ही वाद घालतो लॉबीतल्या टाइल्सच्या रंगावर.

ज्यांनी ही फाळणी मोडली त्यांचं काय झालं तेही बघा. २०२३ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या सोसायट्यांचे महासंघ एकत्र आले आणि पाण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन गेले. कोर्टाने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सगळ्यांच्या नळाला पाणी आलं का? नाही. पण नवीन प्रकल्पाला परवानगी देताना बिल्डरकडून 'महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू' असं जे हमीपत्र घेतात, त्याचा पुढे पाठपुरावा कोण करतं, हा प्रश्न निदान मोठ्याने विचारला गेला. आमच्या इमारतीच्या फाइलमध्ये असा कागद आहे का? माहीत नाही. परत तेच उत्तर!

एकटा फ्लॅटवाला हे शोधत बसू शकत नाही. सोसायटी शोधू शकते, दहा सोसायट्या मिळून तर नक्कीच. फक्त त्यासाठी कमिटीला ठराव लागतो, ठरावाला सभा लागते आणि सभेला माणसं.

आणखी एक. आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. त्यांना मत नाही, कारण सभासद मालक. पण टँकरचं पाणी पितात तेच, आणि बरेचसे मालक दुसरीकडे राहतात. मत देता येत नसेल तर निदान खुर्ची द्या, बोलू द्या. त्याला कुठला कायदा आडवा येतो?

असो. दुसऱ्यांना बरंच सांगून झालं, आता माझं. महापालिकेला धरली गेली ती १ जुलै २०२५ ची मतदार यादी. तोवर मला इथे राहून तीन वर्षं झाली होती. पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा असतो, ऑनलाइन, अर्ध्या तासाचं काम. मी तो भरला नाही, आणि कारण आळस नव्हता. येलदरीच्या यादीत आण्णा, आई आणि मी, अशी तीन नावं ओळीने आहेत. त्यातलं एक आपल्या हाताने कमी करायचं, हे जमत नव्हतं. पाणी पुण्याकडे मागायचं आणि मत जिंतूरला ठेवायचं, असं चाललं होतं.

शेवटी गेल्या शनिवारी भरला. मग आण्णांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं केलंस. जिथलं पानी पितो तिथं नाव पायजे." आणि लगेच, "पन दिवाळीला येशील ना?"

येणार की. पण त्याआधी सप्टेंबर आहे. यंदाच्या सभेत वीसपैकी एक मी. उरलेल्या एकोणीस जणांसाठी या महिन्यापासून दारं वाजवायला सुरुवात करतोय.

तुमच्या सोसायटीचा कोरम भरतो का हो?